मदत हवी आहे: आईच्या स्मरणसभेत काय बोलू?

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी चर्चमध्ये आईची स्मरणसभा आहे, पाळकसाहेबांनी मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय आणि चार दिवस झाले कागद कोराच. आई चौतीस वर्षं नर्स होती, जास्त करून नाईट ड्युटी. रविवारी सकाळी सुटली की घरी न येता थेट उपासनेला, युनिफॉर्मवर उलटं लावलेलं ते छोटं घड्याळ तसंच, प्रवचनात हमखास डुलकी आणि गीत सुरू झालं की पहिला आवाज तिचाच! आम्हाला ताप आला की मनगट धरून त्याच घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची, मधे बोललं की परत पहिल्यापासून.

आता अडलंय ते वाचनावर. भाऊ म्हणतो बायबलमधलं स्तोत्र २३ घे. मला नीतिसूत्रे ३१ मधला सद्गुणी स्त्रीचा भाग, म्हणजे १० ते ३१ वचनं, जवळचा वाटतो, त्यातली बाई रात्री दिवा विझू देत नाही, अगदी आईच, पण तो कुठल्याही आईच्या वेळी वाचतातच ना. तिच्या मैत्रिणींना नाईटिंगेल प्रतिज्ञा, म्हणजे नर्सेसची शपथ, हवीये. ती १८९३ सालची, नाईटिंगेलबाईंनी स्वतः लिहिलेली नाही, नुसती त्यांच्या नावाची, पण आईला तोंडपाठ होती. उपासनेत चालेल का ती?

आणि डुलकीचा किस्सा सांगू का? मावशी नको म्हणतेय, मला तर तोच सांगायचाय. कुणी असं बोललंय का आधी, न रडता कसं जमवलं?