खिशातला कॅमेरा आणि कमी उजेड : तुमचे अनुभव लिहा

दिवाळीच्या पणत्या, आकाशकंदील, रात्रीची मिरवणूक. लेन्स बदलता न येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याने असे फोटो काढले की ते हलतात, दाणेदार येतात, नाहीतर रंग बिघडतो. तुम्ही कोणती सेटिंग्ज ठेवता, काय चुकतं आणि का, ते आकड्यांसकट लिहा.

* * *

झूम विसरा. साध्या कॉम्पॅक्टचं अॅपर्चर (उजेड आत सोडणारं लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) वाइडला, म्हणजे झूम न करता, साधारण एफ/३ असतं, पूर्ण झूमला एफ/६. म्हणजे उजेड चौथाईवर. वाइडला १/३० सेकंदात होणारा फोटो तिथे १/८ मागतो, आणि झूममुळे हाताची थरथरही वाढलेली दिसते. चार पावलं पुढे जा.

* * *

आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की दाणे वाढतात) ऑटोवर सोडू नका, निदान वरची मर्यादा बांधा. १/२.३ इंची सेन्सर (फोटो टिपणारी चिप) जेमतेम ६.२ × ४.६ मिमीचा. त्यावर मी ४०० पर्यंत निर्धास्त असते, ८०० नाइलाजाने. त्यापुढे कॅमेरा दाणे पुसायला जातो आणि पैठणीची जरही पुसून टाकतो. नॉइज रिडक्शन (दाणे पुसण्याची सेटिंग) 'लो'वर ठेवलं तर थोडी वाचते. १ इंची सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या चौपट, तिथे १६०० सहज चालतं. पण माणसं हलत असतील तर आयएसओ बेलाशक वाढवा. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा सावरता येत नाही.

* * *

हे सगळं खरं, पण निम्मं काम टेकूचं आहे. ट्रायपॉड नसेल तर कापडी पिशवीत पाव किलो तांदूळ भरा, तोंड शिवा, पिशवी कठड्यावर ठेवून कॅमेरा तिच्यात रुतवा. आयएसओ १००, टायमर २ सेकंद (बटण दाबतानाचाच धक्का फोटो घालवतो), शटर (ते उघडं राहण्याचा वेळ) १ सेकंद लागलं तरी हरकत नाही. हलत्या गर्दीला अर्थात हे चालत नाही.

गर्दीत सुतळी. कॅमेऱ्याच्या तळाच्या भोकात पाव इंची, इंचाला २० आटे असलेला बोल्ट बसतो. हार्डवेअरवाला ६ मिमीचा देईल, दिसायला तसाच. तो जबरदस्तीने फिरवला तर आटे जातात. बोल्ट ४-५ मिमीच आत जाईल असा नट आणि वायसर लावा, जास्त घुसला तर तळ फुटतो. बोल्टला सुतळी बांधा, दुसरं टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ताणून धरा. वरखाली हलणं बरंच थांबतं, १/१५ ला धारदार फोटो मिळण्याची शक्यता खूप वाढते. एकाच दृश्याचे चार-पाच काढा, त्यात एक चांगला निघतो.

* * *

एलईडी माळांच्या फोटोत आडवे काळे पट्टे येतात, त्याबद्दल. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. इलेक्ट्रॉनिक (सायलेंट) शटर असेल तर बंद करा, पट्टे मुख्यतः त्यातच दिसतात.

* * *

पणतीला व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटो नको, बल्बचंही नको. ज्योतीचा ऊबदारपणा जातो. उन्हाचं चिन्ह निवडा. आजूबाजूला काळोख असला की कॅमेरा फोटो उजळ करायला बघतो आणि ज्योतीचा पांढरा ठिपका होतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करणारी +/− सेटिंग) −१ करा. कंदिलाला मात्र सूर्यास्तानंतरची २०-२५ मिनिटं उत्तम: आभाळ निळं असतं, फोटोत कंदील पांढराफटक होत नाही. फोकस भिरभिरत असेल तर कंदिलाच्या कडेवर बटण अर्धं दाबून धरा, मग चौकट जुळवा.

* * *

मिरवणुकीत फ्लॅश बंदच. हवेत गुलाल असतो. लेन्ससमोरचे कण उजळून फोटोभर पांढरे गोल उमटतात. शिवाय हा फ्लॅश तीन-चार मीटरच पोचतो, मागची मूर्ती काळीच राहते. घरात चेहरा आणि मागच्या पणत्या दोन्ही हव्या असतील तर 'स्लो सिंक' (फ्लॅशसोबत शटर जास्त वेळ उघडं ठेवणारी सेटिंग) लावा, फ्लॅशवर टिश्यूचा एक पदर धरा आणि समोरच्याला फ्लॅश पडल्यावरही सेकंदभर हलू नका म्हणून सांगा.

* * *

आतषबाजी राहिली. आयएसओ १००, एफ/८, शटर ३-४ सेकंद, फोकस अनंतावर, कॅमेरा टेकूवर. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करता येत असेल तर करा: ४ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ४ सेकंद अडकून बसतो आणि पुढचा बाण तेवढ्यात फुटून जातो.