लिफ्टमधला लिंबाचा वास

नीलिमा (बी-४०२): लिफ्टमध्ये तो लिंबाच्या वासाचा फवारा पुन्हा लावलाय. तिसऱ्यांदा सांगतेय. आई सकाळी चार मजले खोकत वर आली. कोणाची आयडिया?

सचिव: नमस्कार ताई. मीटिंगमध्येच ठरलं होतं. लिफ्टमधल्या वासाची तक्रार होती.

समीर (बी-३०१): कसला वास ते लिहा ना सरळ. माझ्याच कुत्र्याचा ना?

देशमुख काका: 🙏 शांतता राखा. वास दोन मिनिटांत उडतो. हवेत विरला की विषय संपला.

मुक्ता (बी-१०३): काका, विरतो, पण संपत नाही. लिंबाचा वास म्हणजे बहुतेक वेळा लिमोनीन नावाचं रसायन. हवेतल्या ओझोनशी त्याची गाठ पडली की फॉर्मल्डिहाइड, म्हणजे नाक-डोळे चुरचुरवणारा वायू, आणि दिसणार नाहीत इतके बारीक कण तयार होतात. लिफ्टचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो, तिच्याबरोबर थोडा ओझोनही येतो.

देशमुख काका: ओझोन तर आपलं रक्षण करतो!

मुक्ता: वर, १५-३५ किलोमीटरवर. नाकाशी नाही.

नीलिमा: फवारा बंद करा. तिसऱ्यांदा सांगतेय.

जयंत (ए-२०४): एवढ्याशा डबीवरून केवढं! तळमजल्यावर काही मान्यवर गाडी चालू ठेवून दहा-दहा मिनिटं फोनवर बोलतात, त्याचं बघा आधी.

समीर: मान्यवर म्हणजे मी? थँक यू.

मुक्ता: गाड्यांचं खरं आहे. पण २०१८ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात एक अभ्यास आला होता, त्यात लॉस एंजेलिसची हवाही तपासली होती. रंग, क्लीनर, अत्तरं यांची बाष्पं तिथे गाड्यांच्या बाष्पांना चांगलीच टक्कर देतात. पेट्रोल टाकीत बंद असतं आणि बरंचसं जळून जातं. स्प्रे तर उडून जायलाच बनवलेला.

समीर: माझा कुत्रा डिओ मारत नाही. नोंद घ्यावी.

मुक्ता: 😄 अमेरिकेतल्या बोल्डरला डिओ-क्रीममधलं सायलोक्सेन नावाचं रसायन हवेत मोजलं होतं. लोक तयार होऊन बाहेर पडतात त्या वेळी, सकाळी, ते सगळ्यात जास्त.

देशमुख काका: मग हवा हे साफ करतच नाही?

मुक्ता: करते ना. ऊन, ओझोन आणि वाफेतून हायड्रॉक्सिल नावाचा चपळ कण तयार होतो. स्वतः सेकंदभर टिकत नाही, पण लिमोनीनचा तास-दोन तासांत फडशा पाडतो. सायलोक्सेनला काही दिवस लागतात. जुन्या फ्रिजमधल्या सीएफसी-१२ या वायूचं मात्र हायड्रॉक्सिल काहीच करू शकत नाही, तो वायू शंभरेक वर्षं राहतो. कशाशी अभिक्रिया करत नाही म्हणूनच स्प्रेच्या डब्यांत भरला, आणि तेच अंगाशी आलं: टिकून वर पोचतो आणि तिथला ओझोन खातो.

शोभा काकू: १९७४ ला मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी तेच सांगितलं होतं. असे वायू आवरायचा मॉन्ट्रियल करार व्हायला १९८७ उजाडलं.

जयंत: काकू पण? 🙏🙏

शोभा काकू: बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय बाळा.

नीलिमा: फवारा. बंद. करा.

सचिव: फवाऱ्याचा सेल काढला आहे. लिफ्ट आजपासून ओल्या फडक्याने पुसली जाईल.

समीर: आणि कुत्रा?

सचिव: 🙏

देशमुख काका: हा मेसेज डिलीट केला गेला आहे.

सचिव: सोमवारपासून जिन्याचं रंगकाम सुरू होत आहे. सहकार्य करावे.

नीलिमा: कुठला रंग? ऑइल पेंट??