मदत हवी आहे : पंक गिगच्या शेवटी अकूस्टिक बँड, साउंड कसा सांभाळायचा?

मंडळी, येत्या शनिवारी अंधेरीत एका छोट्या हॉलमध्ये आमचा पंक गिग आहे. आधी तीन बँड नेहमीसारखे कान फाडणारे आणि हेडलाइनला मात्र अकूस्टिक बँड: दोन गिटार, एक काहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका), दोन आवाज. कल्पना माझीच, आणि मला ती अजूनही भारी वाटते. पण साउंडचं टेन्शन आलंय.

हॉल बुटका, लाद्या गुळगुळीत, मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) त्याच्या पायाशीच. अकूस्टिक गिटारचा पोकळ डबा स्पीकरचा आवाज पकडतो आणि खालच्या सुरात घूं करत फीडबॅक सुरू होतो. साउंडहोलला रबरी झाकण लावणार आहोत, इक्यूवर (जाड-बारीक सूर कमीजास्त करायची बटणं) शंभर-दोनशे हर्ट्झच्या आसपास थोडं कापणार आहोत. गिटारचे पिकअप पिएझो (कंप पकडून त्याचा सिग्नल करणारे) आहेत, म्हणून डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडणारा डबा) अ‍ॅक्टिव्हच (विजेवर चालणारा) घ्यावा ना? दोन दिवसांसाठी भाड्याने कुठे मिळतील? लॅमिंग्टन रोडला विकत मिळतील, पण एका रात्रीसाठी कोण एवढे पैसे घालणार!

दुसरं, कान. तासभर ड्रम्स ऐकून बधिर झालेल्या पब्लिकला लगेच हळू गिटार ऐकवली तर कुजबुजच जास्त ऐकू येईल. मध्ये वीस मिनिटं चहा-सिगारेटचा ब्रेक द्यावा, की लोक सरळ स्टेशन गाठतील? दहाच्या आत आवरायचंय, वर सोसायटी आहे.

ज्यांनी असा मिक्स लाइनअप केलाय त्यांनी प्लीज सांगा. साउंडचेक कोणाचा आधी घेतलात?