ईसीसीची मुदत खरोखर २०३३ पर्यंत वाढली आहे का?

प्रश्न: चाकण_आयटी

नमस्कार. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत मी संगणक विभाग सांभाळतो. गेली चौदा वर्षे खरेदीपासून जीएसटीपर्यंतचे आमचे सर्व काम एसएपी कंपनीच्या ईसीसी ६.० या व्यवसाय सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, स्वतःच्या सर्व्हरवर आणि ओरॅकल डेटाबेसवर चालते. त्याची जागा घेणाऱ्या एस/४ हाना या एसएपीच्या नव्या सॉफ्टवेअरवर जाण्याचा प्रस्ताव मी नुकताच संचालकांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी कुठेतरी वाचलेली बातमी पुढे केली की एसएपीने ईसीसीच्या देखभालीची (दुरुस्त्या आणि साहाय्य देण्याची) मुदत २०३३ पर्यंत वाढवली आहे. पूर्वी २०२५ चे २०२७ झालेच होते, तेव्हा थांबणाऱ्याचाच फायदा होतो, असा त्यांचा हिशेब आहे. ही बातमी खरी आहे का, आणि त्यांना एका पानात नेमके काय लिहून द्यावे?

उत्तर १: बेसिस_प्रशासक

बातमी खोटी नाही, पण ती आपल्यासारख्या ग्राहकांविषयीची नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये एसएपीने ईसीसी ज्यात येते त्या बिझनेस सूट ७ ची नियमित देखभाल २०२५ ऐवजी २०२७ च्या अखेरीपर्यंत नेली आणि ज्यांना हवी असेल त्यांच्यासाठी २०३० च्या अखेरीपर्यंत जादा शुल्काची वाढीव देखभाल ठेवली. हे जादा शुल्क म्हणजे देखभालीच्या दरात दोन टक्क्यांची भर. दर लायसन्स किमतीच्या २२ टक्के धरला, तर एक कोटीच्या लायसन्सवर वर्षाला बावीस लाखांऐवजी चोवीस लाख. २०३३ हा आकडा २०२५ च्या सुरुवातीस पुढे आला. २०३१ ते २०३३ ही तीन वर्षे ज्यांनी राइझ हा एसएपीचा क्लाउड करार करून आपली यंत्रणा एसएपीच्या खासगी क्लाउडमध्ये नेली आहे अशा मोठ्या, गुंतागुंतीच्या ग्राहकांना संक्रमणासाठी दिलेली आहेत. स्वतःच्या सर्व्हरवर ओरॅकल डेटाबेस चालवणाऱ्याला त्यातून काहीही मिळत नाही.

संचालकांनी वाचलेल्या मथळ्यात बहुधा हेच गळले असावे. एसएपीच्या कोणत्याही घोषणेत आधी ती कोणत्या आवृत्तीला आणि कोणत्या करारप्रकाराला लागू आहे ते शोधावे आणि मगच वर्ष वाचावे, ही सवय मला उशिरा लागली. २०२७ हे वर्षसुद्धा फक्त एनहान्समेंट पॅकेज (ईसीसी ६.० वर चढवायचे सुधारणांचे संच) ६, ७ आणि ८ यांच्यासाठी आहे. त्याखालच्यांची नियमित देखभाल २०२५ च्या अखेरीस संपली. सिस्टम मेनूतील स्टेटसमध्ये जाऊन एसएपी_एपीपीएल या घटकाचा क्रमांक पाहा: ६०६ म्हणजे पॅकेज ६, ६१७ म्हणजे ७, ६१८ म्हणजे ८. आपला क्रमांक काय आहे ते कळवावे.

उत्तर २: लेखा_आणि_कर

मी लेखा विभागातला आहे, म्हणून तारखेपेक्षा कामाविषयी लिहितो. आमच्या आधीच्या कंपनीत हे स्थलांतर रखडले ते सॉफ्टवेअरमुळे नव्हे, आमच्याच नोंदींमुळे. एस/४ हानामध्ये पुरवठादार आणि ग्राहक ही वेगळी खाती राहत नाहीत. दोन्हींचा एकच बिझनेस पार्टनर होतो. आमच्याकडे एकाच पार्टीचे पुरवठादार म्हणून तीन आणि ग्राहक म्हणून दोन कोड होते, त्यांतल्या दोन ठिकाणी जीएसटी क्रमांक चुकीचा आणि एका ठिकाणी पत्ता जुन्या गाळ्याचा. ही साफसफाई करायला कोणताही सल्लागार येत नाही, ती खरेदी विभागाच्या कारकुनालाच करावी लागते, आणि तो मार्चअखेर सोडून कधी मोकळा आहे ते त्यालाच विचारावे.

सामान्य खातेवही, मालमत्ता आणि खर्चनियंत्रण यांच्या नोंदी आता अकडोका या एकाच टेबलात जातात. महिनाअखेरचा ताळमेळ त्यामुळे खरोखर सोपा होतो, परंतु जुन्या टेबलांवर लिहिलेले आपले झेड अहवाल (कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेले अहवाल) एकेक करून तपासावे लागतात. आमचे निम्म्याहून अधिक झेड अहवाल कोणी वर्षानुवर्षे उघडलेच नव्हते, हे तेव्हा कळले. ही दोन्ही कामे आजच, ईसीसीवर असतानाच सुरू करता येतात आणि त्यांना संचालकांच्या मंजुरीची गरज नसते.

उत्तर ३: रात्रपाळी

देखभाल संपली म्हणजे यंत्रणा बंद पडते असे नाही, आणि नेमक्या याच गैरसमजामुळे धोका कमी लेखला जातो. कायद्यातील बदल आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या हळूहळू येईनाशा होतात. एसएपी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा टिपा प्रसिद्ध करते. एप्रिल २०२५ मध्ये नेटवीव्हर या एसएपीच्या पायाभूत सॉफ्टवेअरच्या व्हिज्युअल कंपोझर या भागातील दोष इतका गंभीर होता, दहापैकी दहा, की त्यासाठी ठरल्या दिवसाची वाट न पाहता मध्येच तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. तोवर त्या दोषाचा गैरवापर सुरूही झाला होता. नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या घोषणा वाचल्या नाहीत तरी चालते, ही टिपांची यादी मात्र दरमहा वाचावी.

चाकण_आयटी

सर्वांचे आभार. आत्ताच पाहिले, आमचा क्रमांक ६०५ आहे. म्हणजे २०३३ सोडाच, २०२७ सुद्धा आमचे नाही. आधी पॅकेज ८ वर जावे लागेल का?

बेसिस_प्रशासक

म्हणजे आपली नियमित देखभाल आधीच संपलेली आहे, आणि संचालकांना द्यायच्या पानावर पहिले वाक्य हेच असावे. एस/४ हानावर जाण्यासाठी पॅकेज ८ ची पायरी सक्तीची नाही, ईसीसी ६.० वरून थेट रूपांतर होते, फक्त यंत्रणा युनिकोड (सर्व लिप्यांची अक्षरे साठवणारी सांकेतिक पद्धत) वापरणारी असावी लागते. मात्र रूपांतराला दीड-दोन वर्षे लागणार असतील, तर मधल्या काळात उघड्यावर राहू नये म्हणून पॅकेज ८ वर जाणे मला योग्य वाटते. युनिकोडची खातरजमा त्याच स्टेटसच्या खिडकीत होते, ती आजच करून घ्या.