चाकण पट्टा: २०११च्या जनगणनेवर लोकांच्या आजच्या प्रवासाच्या फेऱ्या कशा काढायच्या?

प्रश्न (आराखडा_खेड):
पुण्याजवळच्या चाकण–तळेगाव औद्योगिक पट्ट्याच्या वाहतूक आराखड्यासाठी गावनिहाय लोकसंख्या २०११चीच मिळते. वाढीचा दर लावून काढलेला महाळुंगे, खराबवाडी या गावांचा आकडा जागेवर जुळत नाही. कारखान्यांच्या पाळ्या, एसटीचं अर्धं तिकीट, दुचाक्या हे मॉडेलमध्ये कुठे धरायचं?

खोल्या_मोजा:
वाढीचा दर सोडाच. मतदारयादीही चालणार नाही, कारण बऱ्याच भाडेकरू कामगारांची नावं अजून त्यांच्या गावीच असतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टी आकारणीची नोंदवही) घ्या, त्यातून मिळकती कळतात. मग चाळींमधल्या खोल्या जागेवर जाऊन मोजा. वीजमीटरवरून घरं धरलीत तर फसाल. दहा खोल्यांना एकच मीटर आणि आत सबमीटर, असा प्रकार सर्रास आहे. प्रत्येक गावात ३०-४० खोल्यांत जाऊन माणसं किती आणि पाळी कोणती, एवढं विचारा. हे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा, एरवी निम्म्या खोल्यांना कुलूप असतं.

तिकीट_टप्पा:
एसटीबद्दल सांगतो. महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३पासून आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास ऑगस्ट २०२२पासून. आधी-नंतरची तुलना करताना २०२१-२२ हे वर्ष अजिबात धरू नका. कोविड होताच, वर संपात एप्रिल २०२२पर्यंत गाड्या उभ्या होत्या. त्या पायावर कुठलीही वाढ अफाट दिसेल. २०१८-१९ धरा.

तिकीट मशीनमधून सवलतीचा प्रकार आणि टप्पा वेगवेगळा काढता येतो. वाढलेल्या प्रवाशांत वडापवरून (खासगी शेअर जीपवरून) आलेले किती आणि नव्याने प्रवास करणारे किती, हे मात्र मशीन सांगत नाही. त्यासाठी थांब्यावर एकच प्रश्न पुरे: “सवलत नसती तर आज कशाने आला असता?”

घरोघरी सर्वेक्षणात दारात पुरुष भेटला की बायकोची फेरी “कामाला” एवढीच लिहिली जाते. खरी फेरी घर, अंगणवाडी, कंपनीची बस, येताना किराणा, घर अशी असते. एका फेरीच्या चार होतात आणि त्यातल्या काही गर्दीच्या वेळेबाहेरच्या. तिला स्वतःला विचारा, कालचा दिवस क्रमाने सांगायला लावा. आराखड्यात हीच चूक सगळ्यात महागात पडते. दुपारच्या बस त्यामुळेच कापल्या जातात.

पीसीयू:
दुचाकींसाठी आरटीओचा एकूण नोंदणीचा आकडा वापरू नका, त्यात भंगारात गेलेल्या गाड्याही असतात. चालू गाड्या घरोघरीच्या फॉर्ममधून घ्या.

रस्त्यावरची मोजणी सकाळी ८ ते १२ करून थांबू नका, पाळी बदलायच्या वेळाही धरा. वाहनांसोबत आतली माणसंही मोजा. कंपनीच्या बस पीसीयूमध्ये (प्रत्येक वाहन किती मोटारींएवढं, या मापात) थोड्या दिसतात, पण माणसं त्याच जास्त नेतात. त्या कडेला रांगेने उभ्या राहिल्या की एक लेन जाते, म्हणून क्षमता पूर्ण रुंदीवर काढू नका.

आराखडा_खेड:
मग फॉर्ममध्ये पाळी माणशी लिहायची की घरटी?

खोल्या_मोजा:
माणशी, आणि पाळी दर आठवड्याला फिरते का तेही. फिरती असेल तर त्या माणसाच्या फेऱ्या तिन्ही पाळ्यांत भागून टाका.