मदत हवी आहे : बाबांना बीसीजी द्यायचं की लघवीची पिशवीच काढायची?

कृष्णाकाठ : बाबांना (६८) लघवीतून रक्त जात होतं, दुखत काहीच नव्हतं म्हणून दोन महिने बोललेच नाहीत, आईला दिसू नये म्हणून दोनदोनदा फ्लश करायचे. दुर्बिणीतून मूत्राशयातली गाठ काढली, रिपोर्ट कॅन्सरचा, हाय ग्रेड (म्हणजे जोरात वाढणारा). एक डॉक्टर म्हणतात बीसीजी देऊ, दुसरे म्हणतात मूत्राशयच काढा. सोमवारी सांगायचंय. प्लीज लवकर सांगा.

निशिगंध : स्टेज काय लिहिलीय? टीए (नुसत्या आतल्या अस्तरात) की टी१ (अस्तराखालच्या थरात)?

कृष्णाकाठ : अर्ली आहे म्हणाले. बीसीजी चांगलं का ते सांगा ना.

निशिगंध : तेवढ्यावरून नाही सांगता येत ताई. रिपोर्टमध्ये मसलबद्दल, म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीतल्या स्नायूबद्दल, काय लिहिलंय?

रानवाट : गव्हांकुराचा रस सुरू करा. आमच्या मामांना खूप फरक पडला, कापाकापी कशाला.

निशिगंध : मामांना काय झालं होतं? हाय ग्रेड आहे हो, रसावर महिने घालवायला नका सांगू.

रानवाट : औषध बंद करा कुठे म्हटलं मी?

जुनाखांब : मी स्वतः पेशंट. बीसीजी म्हणजे बाळांना दंडावर टोचतात तीच लस, नळीने पिशवीत सोडतात, आठवड्याला एक असे सहा डोस, मग मेंटेनन्स म्हणजे अधूनमधून परत डोस. दोन तास धरून ठेवायचं, नंतर सहा तास प्रत्येक लघवीनंतर कमोडात ब्लीच. जळजळ होते, पण ताप उतरला नाही तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. बाबा तंबाखू खातात का? आधी ती सोडवा.

परळकर : टाटाला जाणार असाल तर दादरला उतरा, तिथून टॅक्सी बरी पडते.

कृष्णाकाठ : टाटाचं अजून काही ठरलं नाहीये. रिपोर्ट सापडला. टी१ हाय ग्रेड, डिट्रसर मसल (तोच भिंतीतला स्नायू) नॉट सीन. बाबा विडी ओढतात, अजूनही, माडीवर जाऊन.

निशिगंध : अहो हेच विचारत होते! तुकड्यात मसल आलाच नाही, म्हणजे गाठ किती खोल गेलीय ते अजून कोणालाच नक्की माहीत नाही. अशा वेळी दोन ते सहा आठवड्यांत परत दुर्बिणीतून खरवडून तपासतात. मसलमध्ये निघाली तर नुसत्या बीसीजीने भागत नाही, नाही निघाली तर बीसीजीचा विचार होतो. दोन्ही डॉक्टरांना हेच विचारा. आणि लॅबमधून स्लाइड नि ब्लॉक (काढलेल्या गाठीचे जपून ठेवलेले नमुने) मागून घ्या, दुसरीकडे दाखवता येतात.

जुनाखांब : बाबांचं काय म्हणणं आहे?

कृष्णाकाठ : त्यांना नुसती गाठ म्हणून सांगितलंय, भाऊ म्हणतो कॅन्सर शब्द काढू नको.

जुनाखांब : माझ्या मुलांनीही लपवलं होतं. मला वॉर्डबॉयकडून कळलं. मूत्राशय काढलं तर लघवीसाठी पोटावर बाहेरून पिशवी लागू शकते, ते त्यांना न विचारता कसं ठरवाल?

कृष्णाकाठ : आज रात्री बोलते त्यांच्याशी. ऑपरेशनला १९ दिवस झालेत, म्हणजे परत दुर्बिणीला वेळ आहे ना अजून?