बाळीवेस, उत्तर कसबा भागात भाड्यानं राहायचं का?

बदली सोलापुरात झालीय. विजापूर रोडला फ्लॅट मिळतोय, पण बायको म्हणते गावात राहू, सगळं चालत जवळ. आई सोबत आहे. तिकडं राहणाऱ्यांनी खरं सांगा.

उत्तर १:
या की बिनधास्त. मधला मारुती, टिळक चौक, नवी पेठ सगळं पायी, आईंना सिद्धेश्वर मंदिर रिक्षानं लगेच. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला सातही नंदीध्वज (उंच सजवलेल्या मानाच्या काठ्या) कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातनं निघतात, शहरभरच्या ६८ शिवलिंगांच्या तैलाभिषेकाला, तेव्हा गल्लीभर रांगोळ्या, मला तर ते दिवस सोडून कुठं जाववत नाही. शेजारी कन्नड, तेलुगू, मराठी सगळं ऐकू येतं, आणि आजारपणात रात्री दोनला पण माणसं धावून येतात, हे फ्लॅटमध्ये अवघडय.

उत्तर २:
पाण्याचं आधी विचारा भाऊ! नळ रोज येत नाही, चार-चार दिवसांनी पण येतो, कधी मध्यरात्री. टाकी केवढी, मोटर कुणाची, घरमालकाला स्पष्ट विचारा. चारचाकी असेल तर मात्र नकोच, बोळात वळत नाही.

उत्तर ३:
आईंसाठी तळमजलाच बघा, जुन्या वाड्यांचे जिने फार उभे असतात.